नोंद का उमटत नाही?

शाळेच्या संगणकावर प्रश्नपत्रिका तयार होते, ती पेन ड्राइव्हवर घ्यायची असते आणि नेमका तेव्हाच पडद्यावर संदेश येतो की, ही डिस्क 'राइट प्रोटेक्टेड' आहे. कधी फाइल फार मोठी असल्याचे सांगितले जाते. कधी काहीच सांगितले जात नाही. फाइल गेल्यासारखी दिसते आणि दुसऱ्या दिवशी उघडत नाही. अशा वेळी बहुतेक जण पहिला उपाय म्हणून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळे होतात. आमच्या मते हा उपाय उलट्या टोकाने सुरू होतो. आधी असलेल्या नोंदी त्यात पुसल्या जातात आणि नवी नोंद का होत नव्हती हे मात्र कळत नाही.

नोंद घेणारे साधन नोंद घेईनासे झाले तर कारण कुठे शोधायचे, हा प्रश्न पेन ड्राइव्हपेक्षा पुष्कळ जुना आहे. रायगडच्या किनाऱ्यावर अलिबाग येथे जी चुंबकीय वेधशाळा शंभरहून अधिक वर्षे उभी आहे, ती याच प्रश्नातून जन्माला आली. तिची हकिकत आधी सांगतो, कारण पेन ड्राइव्हचे बरेचसे दुखणे त्या हकिकतीच्या आधाराने समजून घेता येते.

सुरुवातीला नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. अलिबाग ज्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे, त्याला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. अलिबागच्या समुद्रातला किल्लाही कुलाबाच. आणि मुंबईच्या दक्षिण टोकाचा भाग तोही कुलाबा. आमची वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून निघाली आणि कुलाबा जिल्ह्यात आली! जुने अहवाल वाचताना वाचक इथे हमखास अडखळतो.

मुंबईच्या कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशातील ज्योतींचे वेध घेता यावेत, हा त्यामागचा हेतू. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक ऑर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली १८४१ मध्ये तेथे हवामानाची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे सुरू झाली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच पुढे केरूनाना म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले गणिती, तरुणपणी याच वेधशाळेत ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम करीत होते. चुंबकत्वाच्या नियमित नोंदी १८४६ पासून मिळतात.

त्या काळी नोंद म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. एक चुंबक दोऱ्यावर आडवा टांगलेला असे आणि त्याला एक लहान आरसा जोडलेला असे. काही अंतरावर मोजपट्टी आणि दुर्बीण. चुंबक किंचित वळला की आरशात दिसणारे मोजपट्टीचे आकडे सरकत. निरीक्षकाने दुर्बिणीतून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. एरवी तासातासाने, आणि चुंबक अस्वस्थ झाला की पंधरा मिनिटांनी, अगदी पाच मिनिटांनीसुद्धा. रात्रीही माणूस जागा असे. काम कंटाळवाणे होते यात शंका नाही.

युरोपातील वेधशाळांनी तोवर हा कंटाळा यंत्रावर सोपवला होता. आरशावर दिव्याचा किरण पाडायचा, परावर्तित किरण फिरत्या नळकांड्यावरच्या प्रकाशसंवेदी कागदावर पडू द्यायचा, म्हणजे चुंबकाची प्रत्येक हालचाल रेषेच्या रूपाने आपोआप उमटते. लंडनजवळच्या क्यू आणि ग्रीनिच येथे अशी यंत्रे चालू होती.

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलज्ञाला सूर्यबिंबावरील डागांच्या समूहात एकाएकी पांढरा झळाळ दिसला. त्यानंतर साधारण सतरा-अठरा तासांत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. तारायंत्रे बिघडली आणि एरवी ध्रुवांजवळ दिसणारा अरुणप्रकाश थेट उष्ण कटिबंधापर्यंत दिसला. या वादळाचा जोर किती होता हे सांगणारी रेषा क्यू आणि ग्रीनिचच्या कागदांवर असायला हवी होती. पण चुंबक इतका वळला की प्रकाशाचा ठिपका कागदाच्या कडेबाहेर गेला. यंत्र चालू, घड्याळ चालू, दिवाही जळतो आहे, पण कागदावर रेषा नाही.

कुलाब्यात माणूस दुर्बिणीपाशी होता. त्याने आकडे लिहिले. २ सप्टेंबरच्या त्या नोंदींत चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आलेला दिसतो. मुंबईत हा घटक सदतीस-अडतीस हजार नॅनोटेस्लांच्या घरात असतो, म्हणजे घट झाली सुमारे चार टक्के. ऐकायला थोडी वाटते. पण शंभर-दोनशे नॅनोटेस्लांच्या घटीलाही एरवी मोठे वादळ म्हणतात, हे ध्यानात घेतले की आकड्याचे महत्त्व कळते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लाखिना आणि अॅलेक्स हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी २००३ मध्ये या नोंदींवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर या वादळाविषयीच्या लेखनात कुलाब्याचा उल्लेख टळत नाही.

यंत्रापेक्षा माणूस बरा, असा निष्कर्ष यावरून काढायचा नाही. क्यूच्या यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. कागदाची रुंदी ठरवणाऱ्याने जेवढ्या हालचालीची कल्पना केली होती, तिच्यापलीकडची घटना घडली, एवढेच. पेन ड्राइव्हवर 'फाइल फार मोठी आहे' हा संदेश येतो तो नेमका याच जातीचा. पेन ड्राइव्ह बत्तीस जीबीचा, त्यात वीस जीबी जागा रिकामी, आणि पाच जीबीचा चित्रपट मात्र जात नाही. शिक्षकांना हे अन्यायाचे वाटते. कारण दडलेले असते साठवणुकीच्या पद्धतीत. कोणती फाइल कोठे आहे याची यादी संगणक पेन ड्राइव्हवरच ठेवतो. फॅट नावाची ही यादीपद्धत मुळात १९७७ च्या सुमाराची, फ्लॉपीसाठी केलेली. तिची फॅट-३२ ही आवृत्ती १९९६ मध्ये आली. तीत प्रत्येक फाइलचा आकार लिहायला बत्तीस द्विमान अंकांचीच जागा ठेवली आहे. बत्तीस द्विमान अंकांत ४,२९,४९,६७,२९५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. तेवढे बाइट म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. १९९६ मध्ये घरगुती संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्कच एक-दोन जीबीची असे, तेव्हा एक फाइल चार जीबीची होईल असे कोणाला वाटणार? कागदाची रुंदी तेव्हाच ठरून गेली. अशा वेळी पेन ड्राइव्हवरील मजकूर आधी दुसरीकडे उतरवून घ्यावा आणि मग तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा. फॉरमॅट हा खरोखरचा इलाज असलेल्या मोजक्या प्रसंगांपैकी हा एक.

आता अलिबागकडे वळू. कुलाबा वेधशाळेतही १८७२ पासून छायाचित्रण पद्धतीची यंत्रे आली आणि रेषा आपोआप उमटू लागल्या. १८९६ मध्ये नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या होत्या. त्या आता विजेवर चालवायचे घाटत होते. विजेच्या ट्रामला प्रवाह वरच्या तारेतून मिळतो आणि तो रुळांवाटे परत जातो. पण रुळांतला सगळा प्रवाह रुळांतच राहत नाही, काही भाग जमिनीत झिरपतो. जेथे प्रवाह तेथे चुंबकीय क्षेत्र, हे ओर्स्टेडच्या प्रयोगापासून आपण शिकवतोच. ट्राम सुरू झाली, थांबली, चढणीला लागली की जमिनीतला प्रवाह बदलणार आणि वेधशाळेतला चुंबक थरथरणार. टोरोंटोची वेधशाळा या उपद्रवामुळे १८९८ मध्ये शहराबाहेर न्यावी लागली होती. पुढे क्यूचे चुंबकीय कामही स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला हलवावे लागले.

लक्षात घ्या, येथे यंत्राने नोंद घेणे थांबवले नसते. त्याने इमाने इतबारे नोंद घेतलीच असती, पण ती पृथ्वीची की ट्रामची हे कोणालाच सांगता आले नसते. अशी नोंद आमच्या दृष्टीने कोऱ्या कागदापेक्षाही वाईट.

मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर समुद्रकाठचे अलिबाग निवडले. येथे रेल्वे नव्हती, कारखाने नव्हते. वेधशाळेच्या इमारतीसाठी स्थानिक काळा दगड वापरता येत नव्हता, कारण कोकण-देशावरच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. (होकायंत्राजवळ काळ्या दगडाचा मोठा तुकडा आणून सुई हलते का, हे वर्गात जरूर करून पाहावे. सगळ्याच दगडांनी हलत नाही, आणि हलली नाही तरी निराश होऊ नये.) म्हणून चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणला गेला आणि लोखंड कटाक्षाने टाळले गेले.

इमारत १९०४ मध्ये तयार झाली. त्यापुढची गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. मूस यांनी मुंबईची यंत्रे लगेच बंद केली नाहीत. एप्रिल १९०४ ते मार्च १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. नवी जागा, नवी इमारत, नवी यंत्रे : आकड्यांत फरक पडणारच. तो फरक किती आणि तो नेहमी तेवढाच राहतो का, हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळणार कसे? ही दोन वर्षे खर्चली म्हणून १८४६ पासूनची कुलाब्याची मालिका आणि पुढची अलिबागची मालिका एकमेकींना जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम मे १९०७ मध्ये धावली. तिच्या आधीच काम उरकले होते. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे विवेचन करणारे दोन खंड १९१० मध्ये प्रसिद्ध केले. भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांना ते आजही चाळावे लागतात.

पेन ड्राइव्हची तक्रार घेऊन कोणी आले तर आम्ही हीच शेजारी-शेजारी ठेवण्याची रीत सुचवतो. तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून पाहा, आणि दुसरा पेन ड्राइव्ह पहिल्या संगणकाला. एका वेळी एकच गोष्ट बदला. दुसरा पेन ड्राइव्हही पहिल्या संगणकावर अडत असेल तर दोष पेन ड्राइव्हचा नाही. अनेक कार्यालयांत आणि संगणक कक्षांत विषाणूंच्या भीतीने बाहेरच्या साधनांवर लिहिण्यास मुद्दाम बंदी घातलेली असते. ती व्यवस्थापकालाच उठवता येते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत संगणकाचे खाचे गंजतात, हेही विसरू नये. अशा वेळी नुसता खाचा बदलूनही काम होते. पेन ड्राइव्ह सगळीकडे अडत असेल तर मात्र त्याच्याकडे बघावे.

बघताना प्रथम बाजूची कड पाहावी. काही पेन ड्राइव्हना आणि कॅमेऱ्याच्या मोठ्या एसडी कार्डांना सरकणारी कुलूपपट्टी असते. ही जुनी चाल आहे. गाण्यांच्या कॅसेटच्या पाठीवरची चौकोनी पापडी मोडली की तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण होत नसे, आणि करायचेच असेल तर तेथे चिकटपट्टी लावत, हे पन्नाशीच्या शिक्षकांना आठवत असेल. साडेतीन इंची फ्लॉपीत खिडकी उघडी असली की लिहिणे बंद. त्याआधीच्या सव्वापाच इंचीत मात्र खाच झाकली की लिहिणे बंद! दोन पिढ्यांच्या फ्लॉप्या एकत्र वापरणाऱ्यांचे हाल विचारू नका.

ट्रामच्या उपद्रवासारखा प्रकार पेन ड्राइव्हमध्ये घडतो तो घाईने उपटून काढल्यामुळे. आपण 'सेव्ह' म्हणतो तेव्हा संगणक मजकूर कधी कधी आधी स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि सवडीने पेन ड्राइव्हवर लिहितो. मधेच तो काढला तर फाइल अर्धी राहते किंवा फाइलींची यादीच विसकटते. लिनक्स प्रणालीला अशी विसकटलेली यादी आढळली तर ती त्या पेन ड्राइव्हवर पुढे काही लिहूच देत नाही, फक्त वाचू देते. वापरणाऱ्याला वाटते पेन ड्राइव्ह गेला. यादी दुरुस्त करण्याची सोय प्रत्येक संगणक प्रणालीत असते. तीच आधी वापरावी, अर्थात मजकुराची प्रत काढून घेतल्यानंतर.

एवढे करूनही पेन ड्राइव्ह 'वाचू देतो पण लिहू देत नाही' याच हट्टावर राहिला, तर त्याच्या पोटातच शिरायला हवे.

१९६७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावोन काहंग आणि सायमन झी यांनी एक कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरमध्ये चहूबाजूंनी विसंवाहकाने वेढलेले एक वाहक बेट ठेवायचे. बेटावर इलेक्ट्रॉन पोचवले तर ते अडकून पडतील, वीज बंद झाली तरी. बेट भरलेले की रिकामे, हे ट्रान्झिस्टरमधून प्रवाह कसा वाहतो यावरून ओळखता येते. झाली की नोंद! १९८४ मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी अशा असंख्य पेशींचा गट एकदम पुसण्याची रचना जाहीर केली. एका सहकाऱ्याला हे पुसणे कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखे वाटले, म्हणून 'फ्लॅश' हे नाव. तिची स्वस्त आणि दाट आवृत्ती १९८७ मध्ये आली. २००० मध्ये त्या चिपला यूएसबीचे टोक जोडून पेन ड्राइव्ह बाजारात आला. आयबीएमने तेव्हा विकलेल्या पेन ड्राइव्हची क्षमता आठ एमबी होती.

आता अडचण पाहा. बेटाभोवतीचा विसंवाहक थर दहा नॅनोमीटरहूनही पातळ असतो. नोंद करायची म्हणजे वीस व्होल्टच्या आसपास दाब देऊन इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून पार न्यायचे, पुसायचे म्हणजे तसेच बाहेर काढायचे. दर खेपेस भिंतीला किंचित इजा होते. तिच्यात काही इलेक्ट्रॉन कायमचे अडकतात आणि हळूहळू भरलेल्या व रिकाम्या पेशीतला फरक ओळखू येईनासा होतो. एका पेशीत एकच अंक ठेवणाऱ्या जुन्या चिपा लाखभर खेपा टिकत. स्वस्ताईसाठी एका पेशीत तीन अंक कोंबणाऱ्या चिपा काही हजार किंवा त्याहून कमी खेपांत थकतात.

म्हणून प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये एक छोटा नियंत्रक असतो. झीज सगळीकडे सारखी व्हावी यासाठी तो नोंदी फिरत्या ठेवतो आणि निकामी झालेल्या गटाच्या जागी राखीव गट लावतो. राखीव गट संपले, किंवा आपली अंतर्गत यादी धड उरली नाही असे त्याला दिसले, तर बरेच नियंत्रक लिहिणे कायमचे बंद करतात आणि वाचणे तेवढे चालू ठेवतात. या अवस्थेत फॉरमॅट होत नाही, आज्ञावल्या चालत नाहीत आणि 'कुलूप काढून देतो' म्हणणारे प्रोग्राम हात टेकतात. नवी नोंद करण्याच्या भरात जुन्या जाऊ नयेत म्हणून नियंत्रकाने घेतलेली ती शेवटची खबरदारी असते. हा बिघाड समजून झटापट करणारा माणूस वाचण्याचीही संधी गमावतो. आहे ते सर्व लगेच उतरवून घ्यावे आणि तो पेन ड्राइव्ह निवृत्त करावा.

एक लबाडीचा प्रकारही बाजारात आहे. वेष्टनावर चौसष्ट जीबी लिहिलेले, आत चिप आठ जीबीची, आणि नियंत्रकाला खोटे बोलायला शिकवलेले. आठ जीबीपर्यंत सर्व सुरळीत चालते, पुढच्या फाइली मात्र नावापुरत्या दिसतात आणि उघडत नाहीत. अशा पेन ड्राइव्हला 'नोंद झाली का' हे विचारण्यात अर्थ नाही. नवा पेन ड्राइव्ह काठोकाठ भरून सर्व फाइली परत वाचून पाहणे, ही एकच खात्रीची परीक्षा. ती करून देणारे मोफत प्रोग्राम मिळतात.

अलिबागला आज अंकीय यंत्रे क्षेत्राची नोंद घेतात आणि ती आंतरराष्ट्रीय जाळ्यात जाते. वेधशाळा १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्थेचे मुख्यालय रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे. जुनी मालिका कागदावर आणि छापील खंडांत असल्यामुळे १८५९ चे आकडे २००३ मध्ये वाचता आले. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज पडली नाही. पेन ड्राइव्हचे तसे नाही. बेटांवरचे इलेक्ट्रॉन वापर नसतानाही सावकाश गळत राहतात. चिप जितकी झिजलेली आणि जागा जितकी उष्ण, तितके जलद. शाळेच्या पर्जन्यमापकाचे वर्षावर्षांचे आकडे एकाच पेन ड्राइव्हवर टाकून तो कपाटात ठेवणार असाल तर त्याची छापील प्रत दप्तरी लावून टाका आणि दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवा.

निवृत्त झालेला पेन ड्राइव्ह फेकण्याआधी वर्गात उघडून दाखवावा. कवच चिमट्याने निघते. जुन्या बनावटीच्या पेन ड्राइव्हमध्ये दोन काळ्या चिपा दिसतात : मोठी ती स्मृती, लहान तो नियंत्रक. शेजारी चकचकीत धातूच्या डबीत कालमापनाचा स्फटिक असतो. अगदी छोटे नवे पेन ड्राइव्ह मात्र एकाच काळ्या तुकड्यात ओतलेले असतात. त्यांच्यात पाहण्यासारखे काही सापडत नाही.